रावजीला रडवणारा कोंबडा

मी कोंबडा बोलतोय. आरवत नाही, बोलतोय. आरवणं आता माझ्याच्याने होत नाही. घशातून जी खरखर निघते तिच्याकडे वाडीतली एक कोंबडीसुद्धा मान वळवून बघत नाही. आरवता न येणाऱ्या म्हाताऱ्या कोंबड्याचं माणसं काय करतात, हे तुम्हाला चांगलंच ठाऊक आहे. तरी मी रावजीच्या कुंपणावर ऊन खात बसलो आहे. हे कसं घडलं तेच सांगायचं आहे.

माझा जन्म खाडीपलीकडच्या मोहल्ल्यात जुलेखाबीच्या परसात झाला. जुलेखाबी डोक्यावर टोपली घेऊन वाड्यावाड्यांतून मासळी विकायची आणि जोडीला कोंबड्या पाळायची. रावजीने मला तिच्याकडून घेतलं ते काही प्रेमाने नव्हे. आमच्याकडे भाताच्या खाचरांना एक राखणदार देव असतो. तो बांधावर फिरतो, खारं पाणी आत शिरू देत नाही, आणि वर्षातून एकदा त्याला कोंबडा लागतो. याला राखण देणं म्हणतात. मी पंख फुटायच्या आधीच राखणीला ठरलो होतो. रावजीची बायको काशी येता-जाता मला उचलून माझं वजन बघायची, आणि मी मूर्ख, मला वाटायचं बाई लाड करते आहे.

राखणीला आठ दिवस उरले आणि वाडी ख्रिस्ती झाली. सगळी नाही, सात घरं. मिशनने पाठवलेले शिवदास मास्तर दोन वर्षं वाडीत शिकवत होते, त्याचं हे फळ. रावजी आणि त्याचा थोरला भाऊ येसाजी यांनी एकाच सकाळी, एकाच ओढ्यात बाप्तिस्मा घेतला. राखण बंद झाली. राखणदाराला मी नको झालो असेन की नाही कोण जाणे, त्याला कुणी विचारलं नाही.

काशी म्हणाली, "मंग आपनच खाऊ."

मास्तर म्हणाले, "थांब." मास्तरांना थांबायला फार आवडायचं. मूर्तीला वाहिलेलं मांस विश्वासणाऱ्याने खावं का, हा वाद म्हणे पहिल्या ख्रिस्ती मंडळीतही झाला होता. मास्तरांनी बायबलातलं पौलाचं पत्र उघडलं, पंधरा दिवस वाचलं आणि निवाडा सांगितला. मूर्ती म्हणजे काहीच नाही, तेव्हा कोंबडा खायला हरकत नाही. मात्र तो खाल्ल्याने एखादा दुबळ्या विश्वासाचा भाऊ अडखळणार असेल, तर खाऊ नये.

"कोणी अडखळेल का?" मास्तरांनी विचारलं.

येसाजीने हात वर केला. "मी अडखलेन. राखनदाराचा कोंबडा खाल्ला आन् बांध फुटला तर?"

झालं. येसाजीचा विश्वास बळकट होईपर्यंत मला अभय मिळालं. दर रविवारी भजन संपलं की काशी दिराला विचारायची, "भाऊजी, इश्वास बलकट झाला का?" येसाजी बांधाच्या दिशेने बघायचा आणि म्हणायचा, "जरा थांब." माणसाच्या दुबळेपणाचा इतका उपकार मानणारा जीव दुसरा नसेल.

मग एकोणीसशे तीस साल आलं. खाडीकाठी लोक खारं पाणी उकळून मीठ करायला लागले आणि शिपाई त्यांना पकडून न्यायला लागले. येसाजीही एका सकाळी मडकं घेऊन गेला. त्याच सकाळी रावजी मला काखेत मारून जुलेखाबीकडे निघाला होता. तिच्या कोंबड्यांना काही दिवस माझी गरज होती. अधिक सांगत नाही, मी घरंदाज आहे.

बांधावर गर्दी दिसली. येसाजीला दोरी बांधली होती, कपाळातून रक्त येत होतं. हवालदाराने रावजीच्या नाकाडाकडे बघितलं, मग येसाजीच्या. दोघा भावांचं नाक एकाच साच्यातलं.

"हा तुझा कोण?"

"कोन न्हाय," रावजी म्हणाला.

"एकाच वाडीतला ना?"

"मी न्हाय वलखत याला."

"भाऊ असशील तर तूही चल."

"आयच्यान सांगतो सायेब, हा मानूस मी आज बघतोय!"

त्याच क्षणी मी आरवलो.

आता खरं सांगतो. जुलेखाबीची ठिपक्यांची कोंबडी बांधाच्या पलीकडून चालली होती. मी तिच्यासाठी आरवलो. मला दोरी, हवालदार, भाऊ यातलं काही कळत नव्हतं. पण आदल्याच रविवारी मास्तरांनी पेत्राची गोष्ट सांगितली होती. आपल्या प्रभूला मी ओळखत नाही असं पेत्र तीनदा म्हणाला, कोंबडा आरवला, आणि पेत्र बाहेर जाऊन ढसाढसा रडला. रावजीचा हात सैल पडला. मी खाली पडलो. येसाजीने जाता जाता मागे वळून बघितलं, आणि रावजी बांधावर बसून असा रडला की ठिपक्यांची कोंबडी पळून गेली.

येसाजीला सहा महिन्यांची कैद झाली. इकडे माझी वाडीत ख्याती झाली. मी आरवलो की जो बोलत असेल त्याने थांबून आपण खोटं बोललो का ते तपासायचं, असा नेमच पडला. सोयरीक करायला आलेला पाहुणा म्हणाला, मुलगी अठराची. मी आरवलो. "बावीसची," तो म्हणाला आणि घाम पुसला. मास्तर उपदेशात म्हणाले, आपल्याला जिभेचा लोभ नाही. मी आरवलो. मास्तरांनी डोळे मिटले आणि मुलांसाठी मिशनने पाठवलेला बिस्किटांचा डबा कुठे गेला ते सगळ्या मंडळीसमोर सांगून टाकलं. जुलेखाबीने तर आमच्या दारावरून यायचंच सोडलं. "तुमच्या कोंबड्यासमोर धंदा करायचा म्हंजे कयामत गो," ती काशीला म्हणायची. मला मात्र कधी भूक लागलेली असायची, कधी पलीकडच्या वाडीतल्या कोंबड्याला उत्तर द्यायचं असायचं. कोंबडा दिवसातून कितीदा तरी आरवतो, आणि माणूस त्याहून जास्त वेळा खोटं बोलतो. तेव्हा माझा नेम सहसा चुकत नसे.

रावजी पहाटेच्या माझ्या पहिल्या बांगेला उठायचा, अंगणात यायचा आणि रडायचा. काशी वैतागली. "याची मान कापा, म्हंजे तुमचं रडनं तरी थांबंल."

"याला कापला तर मना आठवन कोन देल?" रावजी म्हणायचा.

येसाजी सुटून आला. दोघा भावांचं अंगण एक, दारं दोन. पहिल्याच सकाळी मी आरवलो, रावजी डोळे पुसत बाहेर आला आणि येसाजीच्या पायाशी वाकला. येसाजी दोन पावलं मागे सरला.

"सलाम पाव्हनं," तो म्हणाला. "आपन कोन? कुठल्या गावचं?"

रावजीला वाटलं थट्टा असेल. थट्टा नव्हती. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्याही. रावजी सांगायचा, "दादा, मी रावजी. तुझा भाव." येसाजी कपाळाला आठ्या घालून आठवल्यासारखं करायचा आणि म्हणायचा, "न्हाय बा. वलख लागत न्हाय."

मास्तर धावून आले. म्हणाले, येसाजी, क्षमा कर. येसाजीने शांतपणे विचारलं, "कोनाला? ज्याला वलखतच न्हाय त्याला क्षमा कशी करायची, ते दाखवा शास्त्रात." मास्तर तीन महिने शोधत होते. अनोळखी माणसाला क्षमा करावी असं त्यांना कुठे सापडलं नाही. अनोळखी माणसाचं आदरातिथ्य करावं, न जाणो तो देवदूत असेल, हे मात्र सापडलं. बिचाऱ्यांनी तेच मोठ्या आशेने येसाजीला वाचून दाखवलं.

येसाजीने ते अक्षरशः पाळलं. रोज पहाटे तो पाट मांडायचा, तांब्या भरून ठेवायचा, वाटीत गुळाचा खडा ठेवायचा आणि सख्ख्या भावाला म्हणायचा, "बसा पाव्हनं. लांबून आलाव." रावजी आठ पावलांवरून आलेला असायचा. तो पाटावर बसायचा, गूळ तोंडात टाकायचा आणि रडत रडत पाणी प्यायचा. शिव्या दिल्या असत्या तर त्याला सोसलं असतं. तो पाहुणचार सोसत नव्हता. तो वाळत चालला, हे मला कुंपणावरून दिसत होतं, आणि मला पहिल्यांदाच आपल्या आवाजाची लाज वाटली. मी कुणासाठी आरवत होतो आणि रडत कोण होतं!

असं पाच वर्षं चाललं. गंमत म्हणजे येसाजीनेही या पाच वर्षांत एक दिवस चुकवला नाही. ताप असला तरी कांबळं पांघरून पाट मांडायचा. ज्याला ओळखत नाही त्याची इतकी वाट कोण बघतं, हे माझ्यासारख्या कोंबड्याला कळत होतं, मास्तरांना कळत नव्हतं.

आणि एका पहाटे माझा आवाज गेला. चोच उघडली, मान ताणली, पंख फडफडवले, काही नाही. म्हातारपण आलं होतं, एवढंच. मी न आरवल्यामुळे रावजी उठला नाही. पाच वर्षांत पहिल्यांदाच त्याला गाढ झोप लागली होती.

येसाजी पाट मांडून बसला. उजाडलं. रावजीचं दार बंद. उन्हं अंगणात आली, गुळाला मुंग्या लागल्या. येसाजी उठला, बसला, परत उठला. त्याने माझ्याकडे बघितलं. मी गप्प. मग त्याचा चेहरा असा पांढरा पडला की मला भीती वाटली. तो धावत गेला आणि दोन्ही हातांनी दार बडवायला लागला.

"रावज्या! अरे रावज्या! दार उघड! रावज्या रे!"

दार उघडलं. रावजी डोळे चोळत उभा. मागे काशी.

"गाढवा," येसाजी म्हणाला, "मना वाटला मेलास!"

रावजी हळूच म्हणाला, "दादा, तू मना नावानं हाक मारलीस."

येसाजीने ओठ घट्ट मिटले. मग मान फिरवून म्हणाला, "कोन दादा? मी न्हाय..."

मी न राहवून पुन्हा मान ताणली. आवाज आलाच नाही. पण येसाजीची मान माझ्याच दिशेला फिरली होती, आणि त्याला माझी उघडी चोच दिसली. वाक्य त्याच्या तोंडात राहिलं. मग तो पाटावर बसला, मुंग्या लागलेल्या गुळाची वाटी मांडीवर घेतली आणि पेत्रासारखा ढसाढसा रडायला लागला.

"व्हय," तो म्हणाला. "वलखतो. माझाच भाव हाय."

मास्तर आले, त्यांनी स्तोत्र म्हटलं, आणि त्यानंतर जे म्हणाले ते ऐकून मी कुंपणाच्या टोकाला सरकलो. घर सोडून गेलेला मुलगा परत आल्यावर बापाने पुष्ट वासरू कापलं होतं, म्हणून आज मेजवानी झालीच पाहिजे. वासरू कापायची भाषा आमच्या वाडीत कोण ऐकून घेणार? मास्तर म्हणाले, इथे वासराच्या जागी कोंबडा समजावा.

"पन तो राखनीचा," रावजी म्हणाला.

"इश्वास बलकट झाला माझा," येसाजी नाक पुसत म्हणाला. "खाऊया."

बघा न्याय! पश्चात्तापाने मला पाच वर्षं जगवलं आणि क्षमेने चुलीवर पाणी ठेवलं. मला टोपलीखाली झाकलं. पाणी तापल्याचा आवाज येत होता. काशीने इतकी वर्षं याच दिवसाची वाट बघितली होती. ती विळी घेऊन आली, टोपलीपाशी बसली, आणि बसूनच राहिली.

"मास्तर," ती म्हणाली, "मना एक सांगा. वासराची गोष्ट त्या उधल्या पोराची ना?"

"हो."

"माझा नवरा कुठं गेला व्हता? तो घरातच व्हता. तो पेत्र हाय. पेत्राला क्षमा झाली तवा प्रभूनं काय रांधला व्हता?"

मास्तरांनी पुस्तक उघडलं. बराच वेळ पानं उलटली. मग हळूच म्हणाले, "समुद्राकाठी निखाऱ्यावर मासे भाजले होते."

"आन् कोंबडा?"

मास्तरांनी पुन्हा शोधलं. "कोंबड्याचं... पुढे काही लिहिलेलं नाही."

"म्हंजे तो जगला," काशी म्हणाली आणि टोपली उचलली. काशीला अक्षरओळख नव्हती. पण दर रविवारी ऐकत होती ती, मला वाटत होतं फक्त माझं वजन बघते.

जुलेखाबीला हाक गेली. ती टोपली घेऊन आली, कुंपणावर मला बघून थबकली. काशीने सांगितलं, कोंबडा मुका झाला. जुलेखाबीच्या चेहऱ्यावर केवढी सुटका! "ताजे बांगडे हायेत गो, आताच..." ती म्हणाली आणि थांबली. माझ्याकडे बघितलं. मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं. "कालचे हायेत," ती म्हणाली. "पन भाजायला चांगले."

खाडीच्या काठावर दोघा भावांनी निखारे केले. येसाजीने पहिला बांगडा आपल्या हाताने सोलून रावजीच्या पानात ठेवला. काटे काढून.

वाचकहो, आता मी दिवसभर इथे बसतो. मला कुणी साक्षीला बोलावत नाही. वाडीत नवा कोंबडा आला आहे, पण तो आरवला तरी लोक नुसते उठतात, थांबत नाहीत. तुमच्या दारचा कोंबडा आरवला तर एवढंच करा, शेजाऱ्याकडे बघू नका. कोंबडा कुणासाठी आरवतो ते मी सांगितलंच आहे. तुम्ही का दचकलात, ते तुमचं तुम्ही बघा.

रावजी अजूनही उशिरापर्यंत झोपतो. येसाजी पहाटे पाट मांडतो, तांब्या भरतो, गुळाचा खडा ठेवतो. मग माझ्या कुंपणाशी येऊन उभा राहतो. मी चोच उघडतो, आणि आवाज तो देतो.

"रावज्या! ऊठ रे! वलखलं मी तुला, ऊठ!"