मुंग्या लागलेलं कार्ड

"चारशे ऐंशीची दोनशे चाळीस!"

पिंपरी पेंढारच्या मांडवात टाळ्या कडाडल्या. चिमाजीबाबांनी कुशाबाईंचा रिपोर्ट झेंड्यासारखा फडकावला. "अर्ध्या घटकेत अर्धी साखर! डाक्टरला वर्सभर जमलं न्हाई. गोळ्या फेका, माई!"

कुशाबाईंनी गोळ्या आधीच उकिरड्यावर फेकल्या होत्या. पायाच्या अंगठ्याची जखम अजून ओली होती. पण जखमेला कुठं रिपोर्ट वाचता येतो!

मागं उभी असलेली त्यांची भाची हर्षाली मात्र टाळ्या वाजवत नव्हती. नारायणगावच्या लॅबमध्ये हा रिपोर्ट तिनंच काढला होता. आकडा चोख होता, पंचाईत तीच होती.

बाबांचा विधी ठरलेला. भक्तानं उजव्या हातानं द्राक्षं चुरून पादुकांवर रस घालायचा. लगेच त्याच हाताचं बोट टोचून रक्ताचा थेंब कागदी कार्डावर. मग मंत्र, तीर्थानं हात स्वच्छ धुणं, आणि दुसऱ्या कार्डावर दुसरा थेंब. वाळलेली कार्डं लॅबला.

लॅबमध्ये हर्षालीला एक गंमत दिसली होती. पहिल्या कार्डांना मुंग्या लागत. दुसऱ्यांना कधीच नाही.

पुढच्या शुक्रवारी ती स्वतःच रांगेत बसली. उजव्या हातानं द्राक्षं चुरली आणि थेंब मात्र दोन्ही हातांचे दिले, एकाच वेळी.

"डावा कशाला?" बाबा गुरकावले.

"तोही माझाच आहे, बाबा."

मांडव खिदळला. बाबांना नाही म्हणता येईना.

कार्डांवर नाव न घालता नुसते क्रमांक टाकून तिनं तपासणी सहकाऱ्याकडं सोपवली. आठवड्यानं मांडवात माइकवाल्या सयाजीनं क्रमांक जुळवून केलेला तिचा रिपोर्ट वाचला. "उजवा हात, तीनशे धा. डावा..." तो अडखळला. "ब्याण्णव."

"अगं बया," रांगेतल्या गोजरबाई ओरडल्या, "निम्म्याच अंगात साखर?"

"डाव्या अंगाला देवाचा वास आसतो," बाबा म्हणाले.

"मंग माझा बी डावा घ्या," कुशाबाई उठल्या. "द्राक्षं न चुरता, मंत्राच्या आधी."

बाबांची समाधीची वेळ नेमकी तेव्हाच झाली.

"थेंब तो केवढासा," हर्षाली म्हणाली. "बोटावरचा रस त्यात मिसळतो आणि साखर फुगते. हात धुतला की खरा आकडा उरतो. एवढाच मंत्र."

"म्हंजी माझी उतरली न्हाई?"

"चारशे ऐंशी तुझी नव्हतीच, आत्या. वरची द्राक्षांची होती. दोनशे चाळीस तुझी. गोळ्या सोडल्यावर ती कमी कशी होईल?"

कुशाबाईंनी अंगठ्याकडं पाहिलं. मग चप्पल शोधायला लागल्या.

आकडा छापून आला म्हणून खरा होत नाही. थेंब कसा घेतला, बोटावर काय होतं, हे विचारायला पदवी लागत नाही. विचारा.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नर्सनं कुशाबाईंचं बोट धरलं. त्यांनी ते झटकन मागं घेतलं.

"थांब गं, आधी हात धुऊ दे. मला चमत्कार नको."