आचाऱ्याचे पातेले आणि पुरानंतरचे पाणी

मित्रांनो, मी एक जुने पातेले आहे. माझ्या पोटात दोन माणसे मांडी घालून बसतील, एवढे मोठे. हातोडीचे पुष्कळ घाव खाऊन मी जन्मले आणि एका आचाऱ्याच्या पदरी पडले. लोक जेवून आचाऱ्याचे कौतुक करत आणि मला राखेने घासत.

मग महापूर आला. अर्धा देश पाण्यात, आणि प्यायला पाणी नाही! पूर ओसरला, तशी जुलाबाची साथ आली. राजधानीत बैठकांवर बैठका झाल्या आणि जनतेने पाणी उकळून प्यावे, असे ठरले. कशात, हे ठरायचे राहिले. वस्तीतली भांडी वाहून गेली होती. मी तेवढे एका झाडात अडकून वाचले.

शाळेच्या आवारात चूल पेटली. आचारी दिवसभर पाणी उकळी. "इतका सोपा पदार्थ जन्मात केला नव्हता," म्हणे. पण साथ हटेना. शेवटी त्याची नातच आजारी पडली. तिचे डोळे खोल गेले आणि आजोबांची थट्टा आटली.

"या पातेल्यातच खोट आहे, फेका ते!" लोक म्हणू लागले.

पाणी उकळून प्या, असे वस्तीत सांगत फिरणाऱ्या नर्सबाईंनी मला आतून-बाहेरून तपासले. काही सापडेना. दमून त्या म्हणाल्या, "मावशी, घोटभर पाणी द्या."

आचाऱ्याच्या बायकोने माझ्यातले वाफाळते पाणी पेल्यात घेतले आणि वर पूर शिरलेल्या शाळेच्या हौदातले गार पाणी ओतले.

"हे काय घातलंत?"

"गार पाणी. सगळ्यांनाच घालते. तोंड भाजेल ना, बाई!"

"अहो, मग उकळलं कशाला?"

"तुम्हीच सांगितलंत म्हणून!"

नर्सबाईंनी कपाळावर हात मारला. मावशींनी पेला खाली ठेवला. "म्हणजे पोरीला मीच..."

"रडू नका. निवलेल्या पाण्यात साखर-मीठ घालून घोट घोट पाजा."

आचारी माझ्यावर झाकण ठेवून पहाऱ्याला बसला. हौदाकडे कुणाला फिरकू देईना. हळूहळू आजारी माणसे बरी होऊन खाटा रिकाम्या होऊ लागल्या. एका सकाळी नातीने घोट घेतला आणि तोंड वाकडे केले.

"आजोबा, अगदीच बेचव झालंय हे."

असे ऐकून घेणारा तो माणूस नव्हे. पण त्या दिवशी डोळे पुसत म्हणाला, "साफ बिघडलंय गं, बाई! अजून एक घोट घे."

आता मी अडगळीत असते. माझी रोज आठवण होत नाही, हे देशाचे कुशलच समजते. फक्त मला भोक पडू देऊ नका, मित्रांनो. आणि पाणी उकळलेत, की ते आपसूक निवेपर्यंत दम धरा. तहान थोडी थांबते. साथ थांबत नाही.