तिसरा प्रश्न आणि कोमट चहा

डेस्मंड फॉली निर्दोष सुटला.

हे वाक्य चुकून आधी आलं. ते कुणी वाचलंच नाही, असं आपण मिळून ठरवू. कारण बुधवारी सकाळी सव्वाअकराला, हॅल्डनथॉर्पच्या क्राउन कोर्टातल्या ज्यूरीच्या खोलीत, असं काही घडेल यावर कुणी अर्धं बिस्किटसुद्धा लावलं नसतं. ग्लेन्डा सगडेननं तर नाहीच नाही.

ग्लेन्डा ज्यूरीची प्रमुख होती. किटलीजवळची खुर्ची रिकामी दिसली म्हणून ती तिथं बसली, खुर्ची नेमकी टेबलाच्या टोकाला निघाली आणि उरलेल्या अकरा जणांनी सुटकेचा निःश्वास सोडला. निवडणूक झाली ती एवढीच. शाळेच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षं तिनं चारशे पोरांना उकडलेला कोबी खायला लावला होता. पण ती पोरं दुपारपर्यंत शरण यायची. इथं दुसरा दिवस उजाडला होता.

खटला अगदी साधा होता आणि तीच त्याची खोड होती. डेस्मंड, वय एकाहत्तर, निवृत्त बसड्रायव्हर. पर्सी गार्साइड, त्याचा तीस वर्षांपासूनचा शेजारी; घराचा नव्हे, वाफ्याचा. नगरपालिकेच्या भाड्याच्या जमिनीवर दोघं शेजारीशेजारी भाज्या लावायचे आणि सप्टेंबरच्या स्पर्धेत एकमेकांना हरवायचे. एका रविवारी पर्सी कुंपणाशी आला, डेस्मंडनं स्पर्धेसाठी वाढवलेल्या मनगटाएवढ्या जाड लीककडे, म्हणजे कांद्याच्या विलायती थोरल्या भावाकडे, बघून म्हणाला, "वा डेस, कांद्याची पात छान आलीये." डेस्मंडनं हातातला चहा त्याच्या अंगावर फेकला. पर्सी एक पाऊल मागे सरला, त्याची टाच वाफ्याच्या फळीला अडली आणि दगडी हौदावर डोकं आपटून तो जागीच गेला.

गुन्ह्याचं नाव, बेकायदा कृत्यातून मनुष्यवध. दोषी ठरला तर डेस्मंड तुरुंगात जाणार होता, आणि त्याची तब्येत बघता तिथून परत येईलच असं त्याचा वकीलसुद्धा म्हणत नव्हता. आरोपीच्या पिंजऱ्यात तो रोज तोच काळा सूट घालून बसायचा. सूट पर्सीच्या अंत्यविधीसाठी घेतलेला होता.

न्यायाधीशबाईंनी ज्यूरीला चार प्रश्नांचा कागद दिला होता. चारही उत्तरं 'हो' आली तर दोषी. एक जरी 'नाही' आलं तर सुटका. चहा मुद्दाम फेकला का? हो. असा कुणाच्या अंगावर चहा फेकणं बेकायदा आहे का? हो. आणि चौथा, त्यामुळे माणूस मेला का? हो. एवढं डेस्मंडनं स्वतःच रडत रडत सांगितलं होतं.

राहिला तिसरा. तिथं उभ्या असलेल्या कुठल्याही दारू न प्यायलेल्या, समंजस माणसाला कळलं असतं का, की यातून पर्सीला इजा होण्याचा धोका आहे? फार नाही, किरकोळ का होईना?

"पण बिचाऱ्याला मारायचं नव्हतं हो," एव्हिस ओग्डन म्हणाल्या. हे त्या नवव्यांदा म्हणत होत्या. मधल्या वेळात त्या विणकाम करायच्या.

"एव्हिसबाई, कागद ते विचारतच नाही," ग्लेन्डा म्हणाली. "मारायचं होतं की नव्हतं, डेस्मंडला काय वाटत होतं, काही नाही. त्या समंजस माणसाला काय वाटलं असतं, तेवढंच."

"तो साक्षीला का नाही आला मग?"

"कोण?"

"समंजस माणूस."

ग्लेन्डानं डोळे मिटून दहा आकडे मोजले.

"मला सांगा, चहात दूध होतं का?" एव्हिसबाईंनी सुई थांबवून विचारलं. "दूध घातलं की निवतो."

आणि झालं. काल दुपारपासून ज्या खड्ड्यातून ती सगळ्यांना ओढून वर काढत होती, त्यात अकराच्या अकरा जण पुन्हा उड्या मारून बसले. चहा चाळीस मिनिटं कुंपणावर होता, कोमट होता, हे दोन्ही वकिलांनी लेखी मान्य केलं होतं. पण कोमट म्हणजे किती, यावर इंग्लंडात एकमत कधी झालंय? दूध आधी की नंतर, यावरून शेजारीशेजारी बसलेल्या दोघींनी एकमेकींशी बोलणं टाकलं. एकीनं तर आपली खुर्ची फिरवून ठेवली आणि पलीकडे जाऊन उभी राहिली.

"चहाचं सोडा!" मॉरिस टॉर्डॉफ गरजले. हे गाडी चालवण्याच्या परीक्षेचे निवृत्त परीक्षक. एकोणतीस वर्षं लोकांना नापास करून आलेले आणि डेस्मंडला नापास करायला टपलेले. त्यांच्या बाजूनं आणखी पाच जण होते. "अंगावर काहीही आलं की माणूस मागे सरतो. मागे सरला की पडतो. समंजस माणसाला हे दिसतंच. तुम्हाला तो समंजस माणूस हवाय ना? हा काय, समोर बसलाय. मी."

"न प्यायलेला?" कीरननं विचारलं. हा तिशीतला, भिंतींना गिलावा करणारा. विरुद्ध बाजूच्या सहातला.

"सत्त्याण्णव सालापासून थेंबही नाही!"

"मग तेच बाधतंय. कोमट चहानं कोण पडतं हो साहेब? तुम्ही लोकांना पास-नापास असंच अंदाजानं करायचात का? माझी आई तुमच्याकडे चार वेळा नापास झाली. शेवटी बसनं फिरली जन्मभर. डेस्मंडच्याच असेल, काय सांगावं."

"तुझ्या आईला उलटी गाडी घेता येत नव्हती!"

"तुम्हाला तरी माघार कुठं घेता येतेय?"

मॉरिसनी हातातला चहा कीरनच्या अंगावर फेकला.

कीरन एक पाऊल मागे सरला. मागे कुणीतरी फिरवून ठेवलेली खुर्ची होती. तो तिच्यावरून मागच्या मागे उलथला आणि त्याचं डोकं खिडकीखालच्या हीटरवर 'टण्ण' वाजलं.

मग काहीच वाजलं नाही. एव्हिसबाईंचा लोकरीचा गुंडा घरंगळत जाऊन त्याच्या पायाशी थांबला.

मॉरिस पांढरेफटक पडले. "मी... अरे, कोमट होता तो," ते पुटपुटले. "असं होईल हे कुणाच्या ध्यानात तरी..."

"आई गं," जमिनीवरून कीरन म्हणाला. जिवंत होता, आणि लगेच शिव्याही देऊ लागला.

ग्लेन्डानं त्याच्या डोक्यावर ओला रुमाल दाबला. मग ती सावकाश उठली. "टॉर्डॉफसाहेब, मघाचं वाक्य पुरं करा."

"कुठलं?"

"असं होईल हे कुणाच्या ध्यानात तरी..."

मॉरिसनी ते पुरं केलं. "...आलं असतं का."

"तुमच्यापैकी कुणी 'सांभाळ' म्हणून ओरडलं?" तिनं टेबलाभोवती नजर फिरवली. "कुणी हात तरी पुढे केला? खुर्ची सगळ्यांना दिसत होती. चहाही दिसत होता. मी तर मनात म्हटलं, आता गालिचा कोण पुसणार."

एव्हिसबाईंनी हात वर केला. "मला वाटलं, चहा वाया गेला."

मॉरिसनी आपला रिकामा कप बाजूला सारला. मग त्यांनी कागद ओढला आणि तिसऱ्या प्रश्नासमोर स्वतःच्या हातानं 'नाही' लिहिलं. बाकी पाच जण त्यांच्यामागोमाग आले. मत बदलण्यापेक्षा गालिचा पुसण्यावरून जास्त वाद झाला.

बाराला पाच कमी असताना दारावरच्या शिपाईबाई आत आल्या. त्यांनी ओला गालिचा पाहिला, कीरनचं टेंगूळ पाहिलं आणि छताकडे बघत म्हणाल्या, "मला काही सांगू नका. इथं काय बोलणं झालं ते मला काय, कुणालाच सांगायचं नाही. घरी गेल्यावरही नाही, मरेपर्यंत नाही. गुन्हा आहे तो. निकाल झालाय?"

झाला होता. कोर्टात सगळ्यांसमोर ग्लेन्डा उभी राहिली, म्हणाली, "निर्दोष." कारण कुणी विचारलं नाही. तिथं ज्यूरीला कारण विचारतच नाहीत.

डेस्मंड हसला नाही. तो काळ्या सुटात तसाच उभा राहिला आणि थेट तिच्याकडे बघून, अगदी हळू, म्हणाला, "का पण?"

त्याला वाटलं, म्हातारा म्हणून दया केली. हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं ग्लेन्डाला सहा हातांवरून वाचता आलं. आता तो हाच प्रश्न घेऊन रोज त्या हौदाशेजारी बसणार. तिच्याकडे उत्तर होतं आणि ते सांगणं गुन्हा होता. तिचा इतका संताप झाला की ती तडक खाली कचेरीत गेली, खिडकीतून एक कोरा अर्ज मागून घेतला आणि उभ्याउभ्याच लिहिला:

"माननीय न्यायालयास, ज्यूरीप्रमुख ग्लेन्डा सगडेन हिचा सविनय अर्ज. श्री. डेस्मंड फॉली यांना पुढील एकच वाक्य कळवण्याची परवानगी मिळावी: 'आम्ही तिथं असतो तर आम्हालाही दिसलं नसतं.' कायद्यानं अशी परवानगी देणं शक्य नसल्यास, सदर वाक्य श्री. फॉली यांना आपोआप सुचावं, अशी व्यवस्था न्यायालयानं आपल्या खर्चानं व शक्यतो येत्या रविवारपूर्वी करावी, ही विनंती."