चूळ भरायच्या कपातली गोगलगाय

मित्रांनो, आधी नाक मुरडून घ्या, मग ऐका. मी एक म्हातारी समुद्री गोगलगाय आहे. माझ्या पाठीवर शंख नाही. त्याऐवजी राखाडी, लिबलिबीत झुबके आहेत. मला पाहिले की माणसे "शी!" म्हणतात. म्हणोत बापडी! मलाही माणसांची काही कमी किळस येत नाही. दातांच्या दवाखान्यात आयुष्य काढलेल्या कुणालाही ती येईल.

माझा जन्म मासे विकणाऱ्या दुकानातल्या एका टबात झाला. टबाच्या भिंतीला चिकटलेल्या अंड्यांच्या पांढऱ्या लडीतून आम्ही भावंडे बाहेर पडलो. आम्हाला एकच अन्न चालते, ते म्हणजे एका जातीची तपकिरी समुद्रफुले. नाव फुलाचे असले तरी तो डंख मारणारा, बुळबुळीत प्राणी आहे. तो दगडाला चिकटतो, शेजारच्या प्रवाळांना चटके देऊन मारतो आणि बघता बघता सगळी टाकी व्यापतो. तुम्हाला त्याची शिसारी येईल, आम्हाला तो मिष्टान्न वाटतो. तुम्ही माशांना घालता तो कुबट चुरा मात्र मी मेले तरी तोंडात घेणार नाही.

आमच्या डॉक्टरांनी पेशंट बसतात त्या खोलीत हौसेने खाऱ्या पाण्याची टाकी मांडली होती. तिच्यात ही समुद्रफुले शिरली, तेव्हा त्यांनी दातांवरचे किटण खरवडायचे हत्यार घेतले आणि एकेक फूल खरवडून काढले. टाकीत सुटलेल्या तुकड्यातुकड्याचे नवे फूल झाले. त्यांची थोरली बहीण काउंटरवर बसते. ताई म्हणाल्या, "अरे, हा काय दात आहे? तू खरवडतोयस तितकं ते वाढतंय!"

शेवटी दुकानदार आम्हाला पिशवीतून घेऊन आला. "आता टाकीत हात घालू नका," तो म्हणाला. "यांचं काम यांना करू द्या. आणि फुलं संपत आली की मला फोन करा, मी यांना दुसऱ्या टाकीत नेईन. दुसरं काही खात नाहीत हो या, उपाशी मरतील."

"करतो, करतो," म्हणत डॉक्टरांनी हातमोजे चढवले आणि ते आत गेले.

माशांची विष्ठा, कुजका चुरा आणि दगडाखालचा काळा गाळ यांतून आम्ही सरपटत होतो. वर पाहावे तर काचेला नाक लावलेली माणसे! कुणाचा गाल सुजलेला, कुणी हिरडीवरून जीभ फिरवतोय, कुणी दात कोरून तेच बोट काचेला पुसतोय. मी पाठ फिरवायचे. तरी आम्ही खात राहिलो, अंडी घातली, पोरे वाढवली आणि पोरांनाही कामाला लावले. हळूहळू दगड स्वच्छ झाले. मिटून बसलेली जांभळी प्रवाळे पुन्हा उमलली. "काय टाकी ठेवलीय डॉक्टर तुम्ही!" असे पेशंट म्हणत आणि डॉक्टर कॉलर ताठ करत. आमचे नाव कुणी काढले नाही.

फोन करायचाही राहून गेला. फुले संपली. माझी लहानगी एकेक करून खंगून मेली. आम्ही उजेडात बाहेर येत नाही, पण भुकेने माझे डोके फिरले आणि मी भरदुपारी काचेवर चढले.

"ईई! डॉक्टर, तुमच्या टाकीत किडा आहे!" एक बाई किंचाळल्या. खोली भरलेली होती. सगळ्यांच्या माना वळल्या.

डॉक्टर कानापर्यंत लाल झाले. "कुठून आला कोण जाणे," ते म्हणाले. "काढतो लगेच."

मित्रांनो, त्या क्षणी मला जी किळस आली, तशी आजवर कशाचीच आली नव्हती. डॉक्टरांनी चिमट्याने उचलून मला खुर्चीशेजारच्या थुंकायच्या भांड्यात टाकले. पाठोपाठ दगडाआड सापडलेली माझी बहीण येऊन पडली. रक्ताळलेली लाळ, औषधाचा उग्र वास, दातांचा भुगा! पाण्याची धार सुटली आणि बहीण भोकातून दिसेनाशी झाली. मी कडेला चिकटून राहिले. तुम्ही ज्या चिकटपणाला नावे ठेवता, त्यानेच मला वाचवले.

ताई धावत आल्या. "तूच आणलंस ना यांना? मग त्या बाईंना तसं सांगायला काय झालं होतं?" त्यांनी चूळ भरायच्या कपात टाकीचे पाणी घेतले, मला त्यात सोडले, कप खुर्चीशेजारीच ठेवला आणि त्या दुकानदाराला फोन लावायला बाहेर गेल्या.

डॉक्टर चिमटा धुऊ लागले. तेवढ्यात पुढचे पेशंट असलेले एक आजोबा आत येऊन खुर्चीत बसले. दार उघडेच होते आणि त्या बाई अजून मान लांब करून बघत होत्या. आजोबांनी सवयीने कप उचलला आणि ओठांपाशी नेला. त्यांचे उघडलेले तोंड मला दिसले. त्याचे वर्णन मी करणार नाही.

"आजोबा, थांबा!" डॉक्टर ओरडले. "त्यात गोगलगाय आहे." मग बाहेर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "माझी आहे. मीच आणलीय. टाकी हिने साफ केली, मी नाही."

बाईंनी नाकाला रुमाल लावला. आजोबांनी कपात डोकावून पाहिले. "अशी उघड्यावर ठेवतात होय रे तिला? झाकण तरी घाल."

आता कपावर बशी आहे. दुकानदार निघाला आहे, असे ताई सांगतात. तोवर मला धीर धरायचा आहे.

मित्रांनो, आमचे लाड करू नका. आम्हाला हातातही घेऊ नका, तुमचे हात काही फार स्वच्छ नसतात. पण घाण काढायला ज्याला बोलावलेत, त्याला चारचौघांत ओळख द्या आणि काम संपले की त्याच्या पोटाचे बघा. माझी बहीण त्या भोकातून गेली, तेव्हा टाकी अगदी लख्ख होती.