झाडाखाली उभी राहणारी

जन्मभर वाचनालयात कुजबुजत बोललेली बाई झाडं छाटणाऱ्यांकडे नोकरी मागायला निघाली, तेव्हा घरात सगळ्यांना हसू फुटलं. "अगं, तुझी हाक स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत पोचत नाही," नवरा म्हणाला, "तू तिथे काय दिवे लावणार?" पण वाचनालयाला कुलूप लागलं होतं आणि तिच्या मनाने घेतलं होतं. एकदा वाचनालयाच्या खिडकीबाहेर ही टोळी फांद्या उतरवत होती, तेव्हा ती दिवसभर तिकडेच बघत बसली आणि वाचकांना भलतीच पुस्तकं देऊन मोकळी झाली. आता तिला भिंती नको होत्या. उघड्यावरचं काम हवं होतं, बस.

मुकादम गोलमटोल आणि बडबड्या. त्याने आल्याआल्याच सांगून टाकलं, "आजचा दिवस बघू. चढायचं नाही तुम्हाला. पडलेल्या फांद्या ओढायच्या आणि ओरडायचं. झाडाखाली कुणीही आलं तरी ओरडायचं, मग तो राजा असो की रंक. जमलं तर पुढे फांद्या उतरवायचा दोर तुमच्याकडे. पण ठेवायचं की नाही ते मी नाही ठरवत हं, वर चढणारा ठरवतो. दोर चुकला तर फांदी त्याच्याच अंगावर येते ना!"

वर चढणाऱ्याला सगळे खारोबा म्हणत. सडसडीत माणूस, तोंडात मूग धरलेले. त्याने तिला एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि तो चढला.

ओढायचं काम तिला जमलं. आधी ती शेंडा धरून ओढायची आणि डहाळ्या जमिनीत रुतायच्या. मुकादमाने जाड टोक धरायला सांगितलं, तशी फांदी निमूट मागे येऊ लागली. पण ओरडणं? टपालवाला फाटकातून आत शिरला, तर ही धावत त्याच्याजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "अहो, जरा त्या बाजूने जाता का?" वर करवत थांबली. खारोबाने खाली बघून मान हलवली. तिचं तोंड एवढंसं झालं.

दुपारी एक भलीमोठी फांदी दोर न बांधता मोकळीच पाडायची होती. करवत अर्ध्याच्या वर गेली होती. तेवढ्यात मुकादमच फोनवर हातवारे करत त्या फांदीखाली येऊन उभा राहिला. लाकूड करकरलं.

"ए टोणग्या! मागे हो! मागे!"

हा आवाज आपलाच, हे तिला जरा उशिराच कळलं. मुकादम मागे उडाला, फोन गवतात उडाला आणि फांदी धाडकन त्याच्या जागेवर आली. शेजारच्या खिडक्या उघडल्या.

मुकादमाला टोणगा म्हणून कुणाला कधी नोकरी मिळालीय? तो लालबुंद होऊन जवळ आला. "टोणगा?" मग त्याने फांदीकडे पाहिलं आणि घाम पुसला. "बरोबर आहे. टोणगाच."

खारोबा सरसर खाली उतरला. मुकादमापाशी पडलेला दोर त्याने उचलला आणि तिच्या हातात दिला.

"अजून एक राहिलीय," तो म्हणाला. "दोर तुम्ही धरा. उद्याही तुम्हीच. चालेल?"

"चालेल!" ती म्हणाली, चांगलं खणखणीत. तिने दोर दोन्ही हातांनी घट्ट धरला.

खारोबा पुन्हा चढू लागला. यावेळी त्याने खाली एकदाही पाहिलं नाही.