तिसऱ्या दिवशी येणारा माणूस

“कार्ड परत लावा,” गेटवाला म्हणाला.

वाफेच्या इस्त्रीवर काम करणाऱ्या प्रेसवाल्याने कार्ड बाहीला पुसले आणि परत लावले. परत लाल दिवा. मागे सकाळच्या पाळीची रांग तुंबली होती. “अहो, व्हा की बाजूला, आमचा लेटमार्क लागेल,” कुणीतरी ओरडले. तो बाजूला झाला, भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि रांग आत जाईपर्यंत चूक आपलीच असल्यासारखा ओशाळे हसत राहिला.

रेकॉर्ड रूममध्ये चौकशी कारकून जुन्या फायली एकेक पान सुटे करून स्कॅन करत होता. तेवढ्यात गेटवरून फोन आला.

“साहेब, जरा येता का? प्रेसमधले म्हातारबा आलेत. कार्ड चालत नाही. एचआरला विचारा म्हटलं, तर तुमचंच नाव धरून बसलेत.”

तयार कपड्यांच्या त्या कारखान्यात तीन पाळ्यांत मिळून सहा हजार माणसे होती. सव्वीस वर्षे कारकुनाचे काम एकच. न कळवता कुणी गैरहजर राहिले, की तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी जायचे. आधी सायकल होती, मग स्कूटर आली. कुणी तापाने फणफणलेला असे, कुणाच्या घरात भांडण झालेले असे, कुणी नुसताच पांघरूण डोक्यावर घेऊन पडलेला असे. हा जाऊन बसे, पाणी पिई, चौकशी करी आणि परत येऊन कागदावर दोन ओळी लिही. त्या दोन ओळींवर माणसाची नोकरी टिके. कामगार त्याला गमतीने ‘तिसरा दिवस’ म्हणत. “रडू नको, उद्या तिसरा दिवस येईल,” असे बायका एकमेकींना सांगत.

मागच्या वर्षी कॉम्प्युटर कंपनीची एक मुलगी तीन दिवस त्याच्या टेबलासमोर बसून होती. “काका, आता काही घडलं ना, की कॉम्प्युटरमध्ये त्याची घंटा वाजणार,” ती म्हणाली होती. “आणि घंटा वाजली, की पुढचं सगळं आपोआप. कुणी कागद हलवायची गरजच नाही. मला फक्त सांगा, तिसराच दिवस का?”

“पहिल्या दिवशी माणूस आळसानं राहतो, दुसऱ्या दिवशी लाजेनं. तिसऱ्या दिवशी मात्र काहीतरी असतं.”

“वा! आणि तिथं जाऊन तुम्ही काय करता?”

“काही नाही. विचारतो. बसतो जरा.”

तिने लिहून घेतले: ‘माहिती घेणे.’ त्याच्या कामाबद्दल इतके बारीकसारीक आजवर कुणी विचारले नव्हते. त्या दिवशी घरी जाऊन बायकोला सांगताना त्याचा ऊर भरून आला होता. दोन महिन्यांनी गैरहजेरीची यादी त्याच्याकडे यायची बंद झाली, आणि त्याला रेकॉर्ड रूममध्ये बसवले.

आता गेटवर प्रेसवाल्याने त्याला पाहिले आणि त्याच्या जिवात जीव आला.

“साहेब, आजारी होता का तुम्ही?”

“मी? नाही. का?”

“आला नाहीत म्हणून म्हटलं. मी शेजारणीकडं निरोप ठेवून गेलो होतो. म्हटलं, ऑफिसातले साहेब तिसऱ्या दिवशी येतील, त्यांना सांगा, बहीण शेवटच्या घटका मोजतेय, मला जावं लागलं. ती बिचारी दोन दिवस दारातून हलली नाही. चहाचं आधण ठेवून बसलेली.”

कारकून त्याच्याजवळ सरकला.

“बहीण?”

“गेली. नवव्या दिवशी. तिला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. सगळं उरकलं, रात्रीची गाडी धरली, घरी पिशवी टाकली आणि तडक इकडं आलो.”

“फोनवर काही आलं नाही तुम्हाला? मेसेज?”

प्रेसवाल्याने खिशातून बटणांचा छोटा फोन काढला. “वाजत होता टिंग टिंग. रिचार्जच्या जाहिराती असतील म्हणून बघितलं नाही. चष्मा पण घरीच राहिला होता.”

कारकुनाने मेसेज उघडले. तिसऱ्या दिवसाचा होता: आजारपण असल्यास एक दाबा, घरगुती कारण असल्यास दोन दाबा. पाचव्या दिवसाचा होता. आठव्या दिवसाचा होता, आणि तो वाचून झाल्यावर त्याने फोन लगेच परत दिला नाही.

“बसा इथंच,” तो म्हणाला. “मी आलो.”

एचआरच्या मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी कारकुनाला खुर्ची दिली, सगळे ऐकून घेतले आणि कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडे वळवला.

“हे बघा काका. आठव्या दिवशी नाव कमी झालं. त्याच मिनिटाला जागा रिकामी दाखवली. जागा रिकामी झाली म्हणून यादीतल्या पहिल्या बाईला पत्र गेलं. तिनं हो म्हटलं, तिचं कार्ड निघालं, गणवेश निघाला, लॉकर मिळालं. कुणी बोटसुद्धा लावलं नाही. कालपासून ती त्या मशीनवर उभी आहे.”

“पण तो निरोप ठेवून गेला होता.”

“कुणाकडे?”

“शेजारणीकडे.”

मॅडमनी पडदा परत आपल्याकडे वळवला. मग हळूच म्हणाल्या, “दिवसाला दोन हजार कामं निघतात इथून. पूर्वी बाळंतपणाची रजा मूल रांगायला लागल्यावर मंजूर व्हायची, आठवतं ना?”

त्याला आठवत होते. असली पत्रे त्यानेच घरोघर नेऊन दिली होती, आणि बायका हसून म्हणायच्या, आता याचं करू काय? त्याला खोटे बोलता येईना.

“त्याला परत घ्यायचं तर मला तिला काढावं लागेल. आणि नवीन म्हणून पन्नाशीपुढच्या माणसाला घेता येत नाही. अर्ज द्यायला सांगा, मी वर पाठवते, माझी शिफारस जोडून पाठवते. पण काका, त्यांना फार आशा लावू नका.”

तो उठला. दारापाशी थांबून म्हणाला, “चूक माझी आहे, मॅडम. त्या मुलीनं विचारलं होतं, तिथं जाऊन काय करता. मी म्हटलं, काही नाही.”

मॅडमनी काहीतरी बोलायला तोंड उघडले, पण त्यांचा फोन वाजला.

गेटवाल्याने प्रेसवाल्याला आपले स्टूल दिले होते. कारकून त्याच्याशेजारी पायरीवर बसला आणि काही न लपवता सगळे सांगितले. प्रेसवाला ऐकत होता, हातातले कार्ड पत्त्यासारखे उलटसुलट करत होता. एकवीस वर्षांपूर्वीचा फोटो त्यावर होता, काळ्याभोर केसांचा.

“म्हणजे माझ्या मशीनवर बाई आहे आता?”

“हो. तिशीची असेल.”

“लेकरंबाळं असतील.”

“माहीत नाही.”

“मग राहू दे तिला.” त्याने कार्ड गुडघ्यावर ठेवले. “तिला काढून मी तिथं उभा राहू, हे बरं दिसेल का? अर्ज तुम्ही लिहा, मी सही करतो. झालं तर झालं.”

कारकुनाने तिथेच गुडघ्यावर कागद ठेवून अर्ज लिहिला. प्रेसवाल्याने सही केली. मग त्याने डावी बाही वर केली. मनगटाच्या वर कातडी तुळतुळीत गुलाबी होती.

“तिला एवढं सांगा. पायडल सोडल्यावर लगेच कपडा ओढायचा नाही. दोन आकडे मोजायचे. आत उरलेली वाफ डाव्या अंगानं येते, आणि येते ती सांगून येत नाही. बाही खाली ठेवायची. मला कुणी सांगितलं नव्हतं.”

कार्ड त्याने गेटवाल्याच्या टेबलावर ठेवले, स्टूल उचलून जागच्या जागी ठेवले, आणि तो बसथांब्याकडे चालू लागला.

कारकून रेकॉर्ड रूमकडे न वळता प्रेसच्या हॉलमध्ये गेला. खिडकीजवळच्या मशीनवर नवीन बाई बाह्या दुमडून काम करत होती. गणवेश कोरा होता, घड्या मोडलेल्या नव्हत्या. त्याने निरोप सांगितला, शब्दाला शब्द.

“दोन मोजायचे होय?” तिने बाह्या खाली ओढल्या. पायडल सोडून थांबली. डावीकडून वाफेचा झोत सणकन आला, तशी ती दचकून मागे झाली. “बाई गं! कुणी सांगितलं तुम्हाला?”

“इथं काम करणाऱ्या माणसानं.”

“त्यांना सांगा, उपकार झाले.”

तो जायला निघाला आणि थांबला.

“घरी कोण असतं तुमच्या?”

“मी आणि आई. का हो?”

“आईला फोन घेता येतो?”

“छे! तिला ऐकूच येत नाही.”

“राहता कुठं?”

“पत्ता दिलाय की फॉर्ममध्ये. कॉम्प्युटरवर असेल.”

“असेल. तुम्ही सांगा.”

ती जरा बुचकळ्यात पडली. मग पुढचा शर्ट पसरता पसरता सांगू लागली: शेवटच्या थांब्यावर उतरायचं, पिठाच्या गिरणीमागून लोखंडी जिना आहे, वर दुसरं दार. “पण दार वाजवून उपयोग नाही. खिडकीसमोर उभं राहिलं की आई बघते.”

“खिडकी जिन्याच्या कुठल्या बाजूला?” त्याने विचारले.