आण्णांचं व्हय

हिंडलग्याच्या शाळेत बेळगावचे डॉक्टर हेरेकर व्याख्यान द्यायला आले ते १९३८ साली. मी गेले ती पडद्यावरची चित्रं बघायला. आमचे मालक तुरुंगावर शिपाई. कैद्यांशी बोलतात तेवढंही घरात बोलत नाहीत, पण त्या दिवशी आपणहून म्हणाले, "जा की, मोठा डाक्टर हाय."

पहिलंच चित्र माणसाच्या मेंदूचं. शेजारची शालूबाई कुजबुजली, "आक्रोडागत दिसतंय की गं."

डॉक्टर म्हणजे दोन शब्दांमागे एक इंग्रजी, असा माझा समज होता. हे मात्र साधं बोलले. उजवं अंग लुळं पडलं की कधीकधी वाचाही जाते. अशा माणसाला वेडा समजू नका. त्याला पुष्कळ कळत असतं, फक्त हवा तो शब्द सापडत नाही. एखाद्याला एकच शब्द उरतो आणि तोंड उघडलं की तोच बाहेर पडतो.

"माझ्या एका रोग्याला विचारलं, जेवलात? व्हय. उपाशी आहात? व्हय. तुम्ही बाई आहात काय? व्हय."

सगळी शाळा हसली. मला हसू आलं नाही.

निपाणीजवळच्या गावात माझ्या आण्णांचं तंबाखूचं शेत होतं. मी सातवीत होते. जयाला मास्तरीण करायची, तोवर लग्नाचं नाव काढायचं नाही, असं आण्णांनी सगळ्यांना बजावलं होतं. मग एका सकाळी ते शेतातच कोसळले. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. राहिलं एक 'व्हय'. आम्हाला तेवढाच आधार वाटायचा.

पुढच्याच महिन्यात परशराम काकांनी हिंडलग्याचं स्थळ आणलं. बिजवर, पण सरकारी पगाराचा. चार माणसांदेखत काकांनी विचारलं, "दादा, पोरगी द्यायची न्हवं?"

"व्हय."

सुपारी फुटली. आण्णा डाव्या हाताने खाट बडवत राहिले, "व्हय, व्हय, व्हय." डोळ्यांतून पाणी गळत होतं. काका म्हणाले, "बघा, किती आनंद झालाय."

सगळे उठून गेल्यावर मी आण्णांजवळ बसले. "आण्णा, मी तुमाला नको हाय?"

"व्हय."

मला फार लागलं ते. लग्न होऊन इकडे आले ती ते जिवंत असेपर्यंत माहेरी गेले नाही. ते गेल्याचा निरोप आला तेव्हाही मी रडले नाही.

डॉक्टर शेवटी म्हणाले, "म्हणून एकदा विचारून थांबू नका. तोच प्रश्न उलटा करून विचारा."

मी तुमाला पायजे? एवढंच विचारायचं राहिलं होतं.

आता रडू येईल म्हणून मी पदर तोंडाशी धरला, पण आलं नाही. अंगात काही उरलंच नव्हतं. पडदा गुंडाळला, लोक उठले, शालूबाईबरोबर मीही घरी आले. चूल पेटवून भाकरी थापायला घेतल्या.

मालक पाटावर बसले. "काय सांगितलं डाक्टरनं? समजलं तुला?"

"व्हय."

मी पुढची भाकरी थापायला घेतली, तसं त्यांनी वर बघितलं. "का काय बी समजलं न्हाय?"

"व्हय," मी म्हणाले.